मूस वाहायला कोण?

गेल्या वर्षी विवेकच्या गॅरेजमध्ये उंदीर निघाला होता. त्याला पकडायला माणूस बोलावला आणि तो येईपर्यंत विवेक आणि त्याचा मित्र शंतनू ड्राइव्ह-वेमध्ये गाडीच्या काचा वर करून बसून राहिले होते. आज त्याच घराच्या दिवाणखान्यात, त्याच शंतनूने, भिंतभर पसरलेल्या टीव्हीवर एल्क आणि मूस यांच्या शिकारीचा बेत मांडला होता. पहिल्याच स्लाइडवर हातात बंदूक घेतलेला कुणी धिप्पाड गोरा होता आणि त्याच्या धडावर शंतनूने आपलं तोंड चिकटवलं होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत विवेकची आई, डॉक्टर पद्मजाबाई, बसल्या होत्या. त्यांनी ती स्लाइड पाहिली, चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. चित्र तेच होतं.

पद्मजाबाई सत्तरी ओलांडलेल्या. पुण्यातून डॉक्टर होऊन अमेरिकेत आल्या, भूलतज्ज्ञ झाल्या, आणि नवऱ्याला, गुरुनाथरावांना, आयडाहोतल्या फॉस्फेटच्या खाणीत इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून तिकडे गेल्या. रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांतलं एवढंसं गाव, गावाला एकच हॉस्पिटल आणि त्यात भूल देणाऱ्या या एकट्या. ऑक्टोबर लागला की सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळं हॉस्पिटल शिकारीला डोंगरात पळायचं. ऑपरेशनं बंद, आणि बाई नुसत्या बसून. बसून राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. एका वर्षी त्याही गेल्या, आणि मग निवृत्त होईपर्यंत एकही ऑक्टोबर त्यांनी चुकवला नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. असे एल्क त्यांनी पुष्कळ मारले. मूस मात्र नाही. मूस हा त्या सगळ्या खानदानाचा आजोबा, घोड्याहून उंच, लोंबत्या ओठाचा, गुडघाभर दलदलीत उभा राहून झुडपं ओरबाडणारा. तो मारायचा तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. एका नावाला एक परवाना, त्याला टॅग म्हणतात, आणि एकदा मूस मिळाला की जन्मात पुन्हा मागायचा नाही. बाईंनी वर्षानुवर्षं अर्ज टाकला. गुडघे धड होते तोवर नाव निघालं नाही. गुरुनाथराव गेले, आयडाहोतलं घर विकलं, बाई कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, मुलाकडे राहायला आल्या, आणि आता, या जूनमध्ये, नाव निघालं. दात होते तेव्हा चणे नव्हते आणि आता चणे आले ते हे असे.

बंदुकीची त्यांना काळजी नव्हती. हात अजून स्थिर होता आणि नजर शाबूत होती. काळजी होती ती वाहण्याची. जनावर पडलं की खाण्याजोगं सगळं मांस डोंगरातून बाहेर आणावं लागतं, तसा कायदाच आहे. आणि कायदा नसता तरी एवढा जीव मारून तो कुजायला टाकण्याची कल्पना बाईंना सहन झाली नसती. गाडी थांबते तिथून मैलोगणती आत चालत जायचं आणि तो मांसाचा डोंगर तुकड्यातुकड्यांनी पाठीवर घालून परत यायचं. त्याला पाठी लागतात, त्याही तरण्या. आयडाहोतले जुने सोबती एक तर वर गेले होते नाही तर ॲरिझोनाला. उरला विवेक आणि त्याचे मित्र. पाठी बऱ्या होत्या, पण त्यांच्यावर जी डोकी बसवली होती त्यांच्याकडे पाहून बाईंच्या कपाळात तिडीक जात होती. तरी त्या गप्प होत्या. मूस हवा होता ना.

"सो गाइज, हे आपलं मिशन," शंतनू म्हणाला. तो एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर होता आणि घरातही मीटिंग घेतल्यासारखाच बोलायचा. "काकूंचा मूस, आपल्या तिघांचे एल्क. वर्स्ट केस एक एल्क, बेस्ट केस तीन. शिंगं कुणाकडे जाणार ते आपण नंतर डिस्कस करू."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शिंगं कुठल्या भिंतीवर लावायची यावरून सौमित्रचं आणि शंतनूचं तिथेच थोडं वाजलंसुद्धा. सौमित्र म्हणजे या त्रिकुटातला तिसरा, नागपूरचा, विवेकच्या टीममधला. तिघांनीही शिकारीचा सुरक्षा-कोर्स ऑनलाइन पुरा केला होता. सौमित्रने तो एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून केला होता आणि हे तो अभिमानाने सांगत होता.

"मी ड्रोन आणतोय," शंतनू म्हणाला. "वरून लोकेट करायचं, मग थेट जाऊन..."

"ड्रोन उडवून जनावर हुडकणं गुन्हा आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "कोर्स केलास ना?"

"ओह, रिअली? मग नुसते फोटो काढू."

तोवर सौमित्र फोनमध्ये कॅलेंडर उघडून बसला होता. "यार, एक इश्यू आहे. ओपनिंग डे शनिवार येतोय. शनिवारी मी नॉनव्हेजला हात लावत नाही. मारुतीचा वार आहे."

"मग संडेला जाऊ," विवेक म्हणाला. "मंडेला मात्र माझा उपास असतो. आसावरीने नवस बोललाय."

"थर्सडे आमच्याकडे चालत नाही," शंतनू म्हणाला. "बायको घरातच घेणार नाही मला. आणि नवरात्र कधी आहे बघ रे."

नवरात्र त्याच पंधरवड्यात होतं. मंगळवारी संकष्टी निघाली, म्हणजे अंगारकीच. मग तिघे डोकं लावून बसले. मारणं आणि खाणं वेगळं धरावं का, असा प्रश्न शंतनूने काढला; हात लागला म्हणजे लागलाच, असं सौमित्रचं म्हणणं पडलं. बराच खल होऊन ठरलं ते असं, की मूसने नवरात्र संपल्यावर, बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी समोर यावं, आणि जमल्यास शंतनूचा न्यूयॉर्कचा कॉल आटोपल्यानंतर यावं. आयडाहोच्या जंगलात कुणीतरी ही वेळ मूसला कळवायची एवढंच राहिलं होतं.

पद्मजाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांच्या मनात आलं, गुरुनाथ असता तर हसला असता. त्यांना स्वतःला हसू येत नव्हतं, नुसती किळस येत होती.

"काकू," सौमित्र पडद्याजवळ जाऊन मूसचं चित्र न्याहाळत म्हणाला, "हे गाईसारखं दिसतंय थोडं. म्हणजे बीफ तर नाही ना?"

"हरणाच्या जातीचं आहे ते."

"पण मादीला इथे काऊच म्हणतात. हे बघा, लिहिलंय."

"अरे गाढवा, हत्तिणीलासुद्धा काऊच म्हणतात."

सौमित्रने हे तपासून पाहिलं. खरं निघालं, तेव्हा त्याचं समाधान झालं आणि त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नॉट बीफ, कन्फर्म्ड' असं टाकलं. ग्रुपचं नाव 'फ्रीमाँटचे वाघ'.

आसावरी चहाचा ट्रे घेऊन आली. विवेकची बायको, सांगलीची, इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. जन्मापासून शाकाहारी, आणि नुसती शाकाहारी नव्हे, तर अंड्याच्या भांड्यांना वेगळी घासणी ठेवणारी. लग्न होऊन आयडाहोला पहिल्यांदा आली तेव्हा फ्रीझर उघडला, आत कापडात गुंडाळलेली एल्कची मांडी पाहिली आणि दोन दिवस फक्त फळं खाऊन राहिली. पद्मजाबाईंनी त्याच दिवशी तिला मनातून निकालात काढलं होतं. ही बाई नाकाने कांदे सोलते, हा त्यांचा तेव्हाचा निर्णय, आणि निर्णय बदलायची त्यांना सवय नव्हती.

"मी एकच सांगते," आसावरी कप ठेवत म्हणाली, "ते माझ्या किचनमध्ये येणार नाही. गॅरेजसाठी वेगळा फ्रीझर घ्या."

"तुझ्या किचनवर कोण हल्ला करतंय?" पद्मजाबाई म्हणाल्या. "तू आपली कोथिंबीर निवड."

आसावरीने उत्तर दिलं नाही. ती कधीच देत नसे, आणि बाई त्याचाही अर्थ दुबळेपणा असाच लावत.

शंतनू चहा घेऊन भिंतीवरच्या फोटोपाशी गेला. फोटोत तरुण पद्मजाबाई होत्या, खांद्याला बंदूक, हातात मेलेल्या एल्कची शिंगं धरलेली, मागे बर्फाची पहिली पांढरी रेघ ओढलेल्या टेकड्या. "काकू, यार, हा फोटो कसला भारी आहे. सांगा ना ती स्टोरी."

ही गोष्ट मात्र पद्मजाबाईंना कितीही वेळा सांगायला आवडे. त्यांनी सांगितली. वारा कसा उलटा होता, त्या पोटावर सरपटत कशा गेल्या, एकाच गोळीत काम कसं झालं. "आणि अंधार पडायच्या आत," त्यांनी शेवट केला, "तो अख्खा एल्क मी गाडीपर्यंत आणला होता."

"सिंगल हँडेड! लेजंड आहात काकू!" शंतनू म्हणाला.

रिकामे कप गोळा करणारी आसावरी क्षणभर फोटोसमोर थांबली. फोटोच्या उजव्या कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा आणि पाठपिशवीचा पट्टा आला होता. फ्रेम करताना तो भाग कापायचा राहून गेला होता. तिने तिकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेली.

"बरं, मारणार कोण ते तू तीन स्लाइडांत सांगितलंस," पद्मजाबाई शंतनूला म्हणाल्या. "आता सांग, सोलणार कोण? तोडणार कोण? आणि वाहणार कोण?"

शंतनूने पुढची स्लाइड शोधली; नव्हती.

"पोर्टर हायर करू," विवेक म्हणाला.

"हा काय हिमालय आहे?"

"रेंटवर लामा मिळतात," सौमित्रने फोनवरून वाचलं. "लामा, तो प्राणी. ओझं वाहतो." मग खाली वाचलं. "बुक झालेत सगळे."

"म्हणजे लामासुद्धा तुमच्या आधी तयारीला लागले," पद्मजाबाई म्हणाल्या. "ऐका. पुढच्या रविवारी सकाळी मिशन पीक. प्रत्येकाने दुकानातून बासमतीचं मोठं पोतं आणायचं, पिशवीत घालायचं, पाठीवर घ्यायचं आणि वरपर्यंत जाऊन यायचं. ज्याला जमेल तो येईल. कुणालाच नाही जमलं तर मी टॅग परत करीन. वाहता येणार नसेल ते मी मारणार नाही."

टॅग परत करायचा म्हणजे मूस गेला, कायमचा. पुढच्या वर्षी गुडघे याहून वाईट असणार आणि सोडत काही त्यांची वाट पाहत बसणार नव्हती. हे त्या तिघांना ठाऊक होतं का? विवेकला ठाऊक असायला हवं होतं. विवेक पडद्यावरच्या शिंगांकडे पाहत होता.

रविवार उजाडला. मिशन पीक म्हणजे फ्रीमाँटच्या डोक्यावरची वाळक्या गवताची उघडीबोडकी टेकडी. झाड औषधाला नाही, चढ सरळ, आणि वाटेवर चरणाऱ्या गाई, ज्या माणसांना इतक्या सरावल्या आहेत की घास मागायला जवळ येतात. सुट्टीच्या दिवशी अर्धं गाव तिथे चढतं, त्यात साड्या नेसलेल्या आज्याही असतात. फ्रीमाँटच्या वाघांनी मात्र एव्हरेस्टची तयारी केली होती. शंतनूच्या अंगावर पानाफांद्यांची नक्षी असलेले नवेकोरे कपडे होते. त्या पिवळ्या गवतात तो हिरवागार माणूस अर्ध्या मैलावरून दिसत होता.

पद्मजाबाई काठी टेकत, दम खात पहिल्या बाकापर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. त्यांना सोबत आणि पाणी म्हणून आसावरी आली होती. बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढली, एल्क शोधायची जुनी दुर्बीण, आणि आपली पलटण न्याहाळायला सुरुवात केली.

सौमित्र पहिल्या फाटकापाशीच गळाला. त्याला ऑफिसचा फोन आला, किंवा आला असं त्याने दाखवलं. कानाला फोन लावून तो वळला आणि खाली पार्किंगच्या दिशेने इतक्या वेगाने गेला की चढताना तो पाय ओढत का होता तेच कळेना. जाताना एका गाईला मात्र त्याने हात जोडले.

विवेक बाकापर्यंत आला. लाल झाला होता, घामाने निथळत होता. त्याने पाठीवरचं पोतं बाकाशेजारी धाडकन टाकलं.

"आई, गुडघा धरलाय माझा. हे इथेच ठेवतो. रिकामाच वर जाऊन येतो, निदान कार्डिओ होईल."

पद्मजाबाईंनी पोटच्या पोराकडे पाहिलं. चाळिशी उलटली, हाताखाली माणसं आहेत, गुडघ्याचं कारण सांगतो आणि त्याच गुडघ्याने टेकडी चढायला निघतो. त्यांना बोलायचं खूप होतं. विवेक हात हलवत वर गेला.

आसावरी उठली. तिने पाण्याची बाटली सासूच्या हाती दिली, विवेकची पिशवी बाकावर टेकवली, पट्टे आपल्या मापाने आवळले, पाठ लावून बसली आणि पुढे वाकून उभी राहिली.

"कुठे निघालीस?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"वर."

"झेपतं का तुला? तांदूळ आहेत त्यात, कोथिंबीर नाही."

"माहीत आहे, आई. मीच आणलेत," आसावरी म्हणाली आणि चालू लागली.

पहिल्या वळणावर परत फिरेल, बाईंनी ठरवलं, आणि दुर्बीण शंतनूकडे वळवली. कारण शंतनूत त्यांना काहीतरी खटकत होतं. त्याच्या पाठीवरची पिशवी सगळ्यांत मोठी होती, गच्च फुगलेली, आणि तरी गडी टणाटण उड्या मारत चालला होता. मध्येच मागे वळून फोटो काढत होता, एकदा तर चढावर पळाला. ओझ्याखालचा माणूस असा चालत नाही. ओझं माणसाला जमीन दाखवतं, आभाळ नाही. पद्मजाबाईंनी आयुष्यभर जनावरांची चाल पाहून ती जखमी आहेत की धडधाकट ते ओळखलं होतं. हे जनावर तर शंतनू होतं.

वरच्या सपाटीवर शंतनूने पिशवी एका खडकाला टेकवून ठेवली आणि स्वतः त्या खडकावर चढला. एक पाय पुढे, कमरेवर हात. सेल्फीची काठी लांबवली. त्याच्या पाठीमागून एक काळीपांढरी गाय सावकाश आली. तिने पिशवी हुंगली. पिशवीचं तोंड उघडं असावं, किंवा गाईला फार वेळ घालवायची सवय नसावी. तिने आत तोंड घातलं, मान झटकली आणि पिशवी आडवी झाली.

तांदूळ सांडले नाहीत. सांडले ते चुरमुरे. पांढरेशुभ्र, हलके, पिशवीभर चुरमुरे वाऱ्याबरोबर उडाले आणि सगळ्या सपाटीवर पसरले. दोन गाई आणखी आल्या. मूसची शिकार करायला निघालेला डायरेक्टर खडकावर उभा राहून सेल्फीच्या काठीने हवेत वार करत होता आणि खाली उतरायचं त्याचं धैर्य होत नव्हतं. वर चढणारे लोक थांबून त्याचा व्हिडिओ घेत होते.

पद्मजाबाई दुर्बिणीआडून एकदा हसल्या, आणि हसू लगेच विझलं. कारण चुरमुरे शंतनूचे सांडले होते, पण बुडाला होता तो त्यांचा मूस.

मग दुर्बिणीत आसावरी आली. ती परत फिरली नव्हती. खाली मान, हात पट्ट्यांवर, एकेक पाऊल ठेवत ती सपाटीवर पोचली, गाईंच्या मधून गेली, एकीच्या पाठीवर थाप मारून तिला बाजूला सारलं, शंतनूला हात देऊन खडकावरून उतरवलं आणि पुन्हा चढाला लागली. त्या साऱ्या भानगडीत तिने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं नाही. विवेक थोडा पुढे एका दगडावर बसून फोन बघत होता. त्याच्यापाशीही ती थांबली नाही. शिखराकडच्या वळणाआड ती दिसेनाशी झाली तेव्हा पद्मजाबाईंच्या लक्षात आलं, की बराच वेळ आपण दुसरीकडे कुठे पाहिलेलंच नाही.

ऊन चढल्यावर सगळे पार्किंगमध्ये जमले. सौमित्र बर्फ घातलेली कॉफी पीत गाडीला टेकून उभा होता. शंतनूच्या पानाफांद्यांच्या नक्षीत चुरमुरे अडकले होते.

"काकू, लॉजिक ऐका," तो म्हणाला. "मला फिट आणि बॅलन्स टेस्ट करायचा होता. व्हॉल्यूम महत्त्वाचा. वेट आपण फेज टूमध्ये..."

"तू गप्प बस," पद्मजाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण सौमित्रने कॉफीची नळी तोंडातून काढली. "तुमच्याइतकी पोकळ माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. मी टेबलावर भूल दिलेले लोक पाहिलेत, ते तुमच्यापेक्षा उपयोगाचे होते. निदान पडून तरी राहायचे. तुम्हाला शिंगं पाहिजेत, फोटो पाहिजे, चार लोकांत सांगायला गोष्ट पाहिजे. ओझं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर पाहिजे. लाज नाही वाटत? आणि तू, विवेक, तुझा बाप..."

त्या तिथे थांबल्या. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, पण ते बाहेर काढायची वाट सापडली नाही.

"मी उद्या टॅग परत करते," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत आपल्या गाडीकडे गेल्या.

आसावरी गाडीच्या मागे होती. उघड्या डिकीत तिने पोतं टेकवलं होतं आणि खांदे चोळत उभी होती. पोत्याची शिवण कारखान्यातून आली तशीच होती, एक टाका उसवलेला नव्हता. तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लालभडक वळ उठले होते.

"वरपर्यंत गेलीस?" पद्मजाबाईंनी विचारलं. कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज खरखरीत झाला.

"हो."

"मग चल माझ्याबरोबर आयडाहोला. तुझ्यासारख्या अजून दोन पाठी मिळाल्या तर जमेल. हे नंदीबैल नकोत मला. लोकांनी वाहायचं आणि यांनी मिरवायचं."

आसावरीने खांदे चोळणं थांबवलं. "आई, एक विचारू? रागवाल तुम्ही, पण विचारते. फोटोतला तो एल्क गाडीपर्यंत तुम्ही आणलात?"

"म्हणजे?"

"बाबांच्या शेवटच्या वर्षी, सुट्टीत तिकडे आले की, मी त्यांच्या खांद्यांना तेल लावायचे. पट्ट्यांच्या जागी खाच होती त्यांच्या. बोट बसेल एवढी." ती शांतपणे बोलत होती, वर्गात बोलावं तशी. "मी विचारलं तेव्हा म्हणाले, अगं, पद्मजेचे सगळे एल्क या रस्त्याने घरी आलेत. स्वतः एक घास खाल्ला नाही त्यांनी कधी. घरी येऊन आंघोळ करायचे आणि दहीभात खायचे. खरं ना?"

पद्मजाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमच्या गोष्टीत ते कुठेच नसतात. एवढी वर्षं ऐकतेय मी. पाहुणे आले की गोष्ट, आणि ते शेजारी बसून हसायचे. मी त्यांना म्हटलं, मी सांगते आईंना. तर म्हणाले, नको, तिची गोष्ट चांगली आहे, तशीच राहू दे."

पलीकडे तिघे हलक्या आवाजात कुजबुजत होते. पद्मजाबाईंना शरम वाटली. डोंगरावरून कोसळावी तशी नाही; घशाशी आलेल्या आंबट ढेकरीसारखी, साधी आणि न टाळता येणारी. लोकांनी वाहायचं आणि यांनी मिरवायचं, हे त्यांनी आत्ताच म्हटलं होतं. कानात अजून त्यांचाच आवाज होता.

गुरुनाथ तेव्हा तर काही बोलला नव्हता. मुकाट उचलायचा. आणि त्यांनी त्या मुकाटपणाचाही अर्थ, आसावरीच्या लावला तसाच, दुबळेपणा असा लावला होता. मांस न खाणारा, बंदूक न धरणारा, हमाली करणारा नवरा. चारचौघांत सांगावा असा त्यात काय होता?

त्या डिकीपाशी गेल्या. पोत्याची दोरी ओढून शिवण उसवली, गाडीत पडलेली कापडी पिशवी घेतली आणि ओंजळीने तांदूळ भरायला लागल्या.

"काय करताय?"

"बांध ही माझ्या पाठीला."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. बांध."

आसावरीने ओढणीने ती पिशवी त्यांच्या पाठीला बांधली. तान्ह्या मुलाएवढंच ओझं, पण पद्मजाबाईंचा श्वास एकदम आखूड झाला. त्यांनी काठी घेतली आणि त्या तिघांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"टॅग परत करत नाही," त्या म्हणाल्या. "जायचं आहे. एल्कबिल्क काही नाही. बंदूक एकच, ती माझी. ज्याला यायचं त्याला पिशवी मिळेल, आणि दर रविवारी इथे तांदूळ वाहावे लागतील. आसावरी पोतं तपासेल. न येणाऱ्याने शिंगांच्या भिंतीवर आपला फोटो लावावा."

"पण ओपनिंग डे शनिवार, मी..." सौमित्रने सुरुवात केली.

"खायचं नसतं शनिवारी. वाहायला कुणी मनाई केलीय? माझ्या नवऱ्याने कुठलाच वार पाहिला नाही. सगळं त्याने वाहिलं." हे चारचौघांत त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "आणि खाल्लं काहीच नाही."

सौमित्र कॉफीकडे बघत राहिला. शंतनूने कपड्यांवरचे चुरमुरे झटकले. विवेक आईच्या पाठीवरच्या ओढणीच्या गाठीकडे पाहत होता. मग तो डिकीपाशी गेला आणि उसवलेलं पोतं पिशवीत भरायला लागला. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे पद्मजाबाईंनी अजून ठरवलं नव्हतं. त्याची वाट न बघता त्या फाटकाकडे वळल्या.

"आत्ता? या उन्हात?" आसावरी मागून धावली.

"ऑक्टोबर काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"मी येईन आयडाहोला. पण मी खाणार नाही हं."

"दहीभात करता येतो मला."

दोघी फाटकातून आत गेल्या. चढ सुरू झाला तशी काठी जड पडायला लागली. मघाच्या दोन गाई खाली उतरून वाटेत आडव्या उभ्या होत्या, त्यांच्या ओठांना अजून चुरमुरे लागले होते.

"त्या दिवशी," पद्मजाबाईंनी दम खात सुरुवात केली, "तुझ्या सासऱ्यांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला. मग मागचा पाय उचलला. सगळ्यांत जड तो असतो. परत आले, पुढचे पाय नेले. परत आले. उतार निसरडा होता, बर्फ भुरभुरत होतं. एकदा पडलेसुद्धा. शर्ट सगळा रक्ताने भरला होता, आणि ज्या माणसाने आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं..." त्या थांबल्या. पुढचा चढ बघितला.

"आणि तुम्ही?" आसावरीने विचारलं.

"मी पुढे चालत होते," पद्मजाबाई म्हणाल्या. "शीळ घालत."